हीटेड पाईप घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा

मोटरहोमसाठी (आत राहायची सोय असलेली गाडी) गरम होणारा पाण्याचा पाईप घेतला, म्हणजे कॅम्पसाईटच्या तोटीपासून गाडीपर्यंत पाणी आणणारा आणि ते गोठू नये म्हणून आत विजेवर तापणारी वायर असलेला, त्याचा रिव्ह्यू, आणि सोबत गाडीतल्या पाण्याच्या टाकीखाली चिकटवायच्या हीटिंग पॅडबद्दल पण लिहितोय कारण दोन्ही वापरल्याशिवाय कुठलं कशासाठी आहे ते नीट कळत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, या प्रकारचे पाईप सगळे जवळपास एकाच पद्धतीने बनवलेले असतात त्यामुळे कुठलाही घेतलात तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

पाईप आपलं काम चोख करतो, तक्रार नाही. प्रॉब्लेम असा की तो फक्त स्वतःला वाचवतो. बॉक्सवर मोठ्या अक्षरात मायनस 40 लिहिलंय (फॅरनहाइट की सेल्सिअस विचारायची गरज नाही, त्या आकड्यावर दोन्ही एकच होतात) आणि लोक तो आकडा वाचून निवांत झोपतात. पण तो आकडा पाईपचा. एका टोकाला कॅम्पसाईटची तोटी आहे, दुसऱ्या टोकाला गाडीचा इनलेट (पाणी आत घ्यायचं तोंड), आणि या दोन्ही ठिकाणी जे कपलिंग म्हणजे जोड आहे त्याच्या पुढे हीटिंगची वायर पोचतच नाही. रात्री पारा उतरला की पाणी बरोब्बर तिथे गोठतं, बोटभर जागेत, आणि मागे अख्खा पाईप कोमट असूनही आत बेसिनला थेंब येत नाही. त्यामुळे तोटीला आणि इनलेटला फोमचं इन्सुलेशन गुंडाळणं, तोटीच्या उघड्या पाईपला वेगळी हीट टेप (विजेवर तापणारी पट्टी) लावणं, हा खर्च आणि खटाटोप पाईपच्या किमतीत धरूनच चाला. इनलेटला बाहेरून फिल्टर लावत असाल तर तो आधी काढा, त्यात पाणी साचून राहतं आणि तो पाईपच्या कितीतरी आधी फुटतो.

आता थर्मोस्टॅट. प्लगच्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो, रबरात बसवलेला, तोच थर्मोस्टॅट. हवा शून्याच्या थोडी वर असतानाच, साधारण 3 ते 7 अंश सेल्सिअसच्या आसपास तो वायर चालू करतो, मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो. हा भाग बाहेर थंडीतच राहिला पाहिजे. बरेच जण नीटनेटकं दिसावं म्हणून ते टोक गाडीच्या सर्व्हिस कप्प्यात सरकवून दार लावून घेतात, कप्पा आतून उबदार, थर्मोस्टॅटला वाटतं सगळं छान चाललंय, आणि बाहेरचा पाईप पडलाय बर्फात. माहितीपत्रकात हे एका ओळीत लिहिलंय आणि तेही मागच्या पानावर, खरं तर हे लाल अक्षरात पहिल्या पानावर पाहिजे होतं.

पाईप पिण्याच्या पाण्यासाठी चालणारा आहे ना ते बघून घ्या, माझ्याचं पाणी पहिल्यांदा सोडलं तेव्हा प्लॅस्टिकचा वास येत होता, भरपूर पाणी वाहू दिल्यावर गेला. थंडीत तो भयंकर कडक होतो, गुंडाळायला गेलं की मेलेल्या सापासारखा उलटा वळतो. त्यावर उपाय म्हणजे काढायच्या आधी थोडा वेळ प्लग चालू ठेवायचा, मऊ झाला की प्लग काढून पाणी पूर्ण निथळवायचं आणि मग गुंडाळायचं. गुंडाळलेला असताना मात्र चुकूनही चालू करू नका, एकावर एक वेढे तापून वायर जळू शकते.

पण मुळात प्रश्न हा आहे की रात्रभर पाईप जोडून ठेवायचाच कशाला? दुपारी पाणी भरा, पाईप सोडवून निथळवून आत ठेवा, आणि टाकीतल्या पाण्यावर गाडीच्या पंपाने रात्र काढा. कितीतरी अनुभवी लोक हेच करतात. एकदा हे मान्य केलं की उब कशाला द्यायची ते आपोआप ठरतं, टाकीला. म्हणून माझ्या मते पॅड आधी, पाईप नंतर. टाकी जर केबिनच्या आत सीटखाली असेल किंवा गाडी डबल फ्लोअरवाली (दोन थरांच्या तळाची, मधे पोकळी) असेल आणि त्या फ्लोअरमध्ये हीटरची गरम हवा फिरत असेल, तर पॅडचीही गरज नाही. गाडीच्या पोटाखाली लटकणारी टाकी असेल तर मात्र आहे, आणि गाडी चालू असताना जास्तच आहे. वाऱ्याने पाणी हवेपेक्षा थंड होत नाही पण हवेच्या तापमानाला फार लवकर पोचतं, त्यामुळे मुक्कामावर जेमतेम टिकणारी टाकी हायवेवर गोठते.

पॅड 12 व्होल्टचे असतात, पातळ, मागे चिकट. साधारण 7 अंशांना चालू होतात आणि 18-20 ला बंद. चिकटवायचं काम थंडी सुरू व्हायच्या आधी करा, गार प्लॅस्टिकवर गोंद धरत नाही, आणि जागा आधी अल्कोहोलने पुसून घ्या. टाकी रिकामी असताना चालू ठेवू नका. करंटचा हिशोब मात्र आधी करा: एक पॅड 5 अँपिअर खात असेल आणि रात्री 12 तास सलग चालला तर 60 अँपिअर-तास गेले, दोन टाक्यांना दोन पॅड म्हणजे 120, म्हणजे 100 अँपिअर-तासांची बॅटरी सकाळच्या आधीच झोपली. प्रत्यक्षात तो मधेमधे बंद होतो पण कडाक्याच्या थंडीत फार वेळा नाही. लिथियम बॅटरी असेल तर ती शून्याखाली चार्ज करायची नसते हेही लक्षात ठेवा, नाहीतर सकाळी सोलरवर भरवसा ठेवाल आणि बीएमएस (बॅटरी सांभाळणारं तिच्यातलंच सर्किट) चार्जिंगच अडवून बसेल. कॅम्पसाईटची वीज असेल तर हा सगळा विषयच संपतो.

वापरलेल्या पाण्याच्या टाकीबद्दल लोक सांगतात की व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि खाली बादली लावा, हे चालतं, पण लांब ड्रेन पाईप जोडून उघडा ठेवू नका. त्यात थेंब थेंब पाणी उतरतं, प्रत्येक थेंब थोडा गोठतो आणि दोन दिवसात पाईप बर्फाने पूर्ण बुजतो. व्हॉल्व्हचं पातं गोठलं तर ओढाताण करू नका, हँडलची केबल तुटेल, हेअर ड्रायरने हळूहळू गरम करा.

पंपाच्या तोंडाशी जी पारदर्शक जाळीची वाटी असते ती गाडीतली सगळ्यात नाजूक वस्तू. पाणी गोठताना जवळपास 9 टक्के फुगतं, गाडीतला पेक्स (लवचिक प्लॅस्टिकचा) पाईप तेवढं ताणून घेतो, ही वाटी आणि शॉवरचा मिक्सर नाही घेत. आणि तडा गेलेला कळतो बर्फ वितळल्यावर, आतला गालिचा भिजला की. म्हणून रात्री पंपाच्या कपाटाचं दार उघडं ठेवा, केबिनमधली उब तिथे जाऊ द्या, त्याला एक पैसा लागत नाही.

ट्रुमा कॉम्बीसारख्या, केबिन आणि पाणी दोन्ही गरम करणाऱ्या हीटरमध्ये फ्रॉस्टकंट्रोल म्हणून एक व्हॉल्व्ह येतो, तो साधारण 3 अंशांना स्वतःच उघडतो आणि बॉयलरचं 10 लिटर पाणी बाहेर सोडून देतो. गाडीखाली पाणी बघून घाबरू नका, बॉयलर वाचलाय. व्हॉल्व्हजवळची जागा साधारण 7 अंशांच्या वर गरम झाल्यावरच तो परत हाताने बंद करता येतो, त्यामुळे आधी हीटिंग चालू करा आणि मग पाणी भरा. आणि हो, हीटर गॅसवर असेल तर सिलेंडर प्रोपेनचा पाहिजे, ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतो.

पाईपला 5 पैकी 3, पॅडला साडेचार. ज्यांना एकाच जागी वीजजोड घेऊन आठवडे मुक्काम ठोकायचाय त्यांनी पाईप जरूर घ्यावा. रोज जागा बदलणाऱ्यांनी नको, रोज तो कडक पाईप सोडवायचा आणि निथळवायचा कंटाळा येतो. घेणारच असाल तर पुरेल तेवढाच लांब घ्या, कारण बाकीचे पाण्याचे पाईप कापून छोटे करता येतात, हा नाही.