बेटावरच्या सुट्टीत स्वतःचा स्नॉर्केल संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मास्क (डोळे आणि नाक झाकणारी काच), स्नॉर्केल (पाण्यात तोंड खाली ठेवून श्वास घ्यायची नळी) आणि फिन्स (पायात घालायची पोहण्याची पाती) असा तीन वस्तूंचा संच आठ महिने वेगवेगळ्या बेटांवर, बहुतेक वेळ रिसॉर्टच्या दारातल्या प्रवाळावर वापरून झाला. मत आधीच सांगायचं तर मास्क स्वतःचाच हवा, स्नॉर्केल स्वतःचं असलेलं बरं आणि फिन्स रिसॉर्टच्या चालतात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. फिन्स मोठ्या, देखण्या असतात म्हणून विकत घेतात आणि मास्क "कुठलाही चालतो" म्हणून किनाऱ्यावरच्या काउंटरवरून उचलतात. पाण्यातला दिवस बिघडतो तो मात्र दहातल्या नऊ वेळा मास्कमुळे.

मास्क चेहऱ्याला बसतो की नाही, हे दुकानातच कळतं. पट्टा पुढे टाकायचा, केस मागे सारायचे, मास्क नुसता चेहऱ्याला टेकवायचा आणि नाकाने हलकासा श्वास आत ओढून धरायचा. हात सोडल्यावर ५ ते १० सेकंद मास्क जागेवर राहिला तर तो आपला. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पण हीच चाचणी तोंडात माउथपीस, म्हणजे नळीचं दातात धरायचं रबरी टोक, धरून पुन्हा करावी लागते, हे सहसा कोणी सांगत नाही. दातात रबर धरलं की वरचा ओठ उचलला जातो, गालावरची घडी बदलते आणि नाकाखालची कड सुटते. पाण्यात गळतो तो मास्क नेमका तिथूनच गळतो. मिशी असेल तर नाकपुड्यांच्या लगेच खालची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी साफ करावी, बाकी मिशी शाबूत राहिली तरी चालतं. त्यानंतरही थेंब थेंब पाणी येत असेल तर कडेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवावं. पेट्रोलियम जेली लावू नये, तिने रबराचे भाग खराब होतात.

गळायला लागलं की हात आपोआप पट्टा आवळायला जातो. ही सर्वांत मोठी चूक. मास्क धरून ठेवतो तो पाण्याचा दाब, पट्ट्याचं काम फक्त जागा राखायचं. जास्त आवळल्यावर सिलिकॉनची पातळ कड दुमडते आणि दुमडलेल्या जागेतून पाणी सरळ आत येतं, वर कपाळावर तासभर वळ राहतो तो वेगळाच. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर बसावा. मानेकडे घसरला की मास्क खालून उचलला जातो.

आता धुकं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला तेलकट थर असतो. तो काढल्याशिवाय बाजारातला कुठलाही फवारा टिकत नाही. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) वाटाण्याएवढी घेऊन काचेच्या आतल्या बाजूने बोटाने दोन-तीन मिनिटं घासायची, धुवायची आणि हे निदान तीनदा करायचं. काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) असेल तरच हा उपाय करावा, तसं काचेच्या कोपऱ्यात कोरलेलं असतं. प्लॅस्टिकच्या भिंगावर चरे पडतात, आणि काचेला आतून धुकंरोधक लेप दिलेला असेल तर तो निघून जातो. नंतर रोजच्या वापराला एक भाग बेबी शाम्पू आणि तीन भाग पाणी पुरतं. कोरड्या काचेवर दोन थेंब, बोटाने पसरवायचे, समुद्रात एकदाच बुडवून काढायचं आणि लगेच चढवायचं. थुंकीही तितकंच काम करते, फक्त काच आधी ओली झालेली नको.

एवढं करूनही धुकं येत असेल तर दोष नाकाचा. पाण्याने थंड झालेल्या काचेवर नाकातून सुटलेला उबदार, दमट श्वास जमतो. श्वास घेणं आणि सोडणं दोन्ही तोंडाने व्हायला हवं. दुसरा चोर म्हणजे कपाळावरचं सनस्क्रीन. ते घामाबरोबर ओघळून काचेवर पसरतं आणि डोळेही चुरचुरतात. मास्कची कड जिथे टेकते तिथे दोन बोटं रुंद पट्टी कोरडी ठेवावी.

आत आलेलं पाणी काढायला डोकं बाहेर काढावं लागत नाही. मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, नजर वर करायची आणि नाकाने सावकाश फुंकायचं. पाणी खालच्या कडेतून निघून जातं. हे कमरेएवढ्या पाण्यात पाच-सहा वेळा केलं की घबराट जाते.

स्नॉर्केलबद्दल थोडं. या संचातल्या नळीला वर लाट आली की बंद होणारी तरंगती झडप आहे आणि खाली पाणी बाहेर टाकायची पडदेवाली झडप. दोन्ही कामाच्या, पण वाळू हा दोघींचा शत्रू. वरच्या झडपेत कण अडकला की ती बंद अवस्थेतच चिकटते आणि श्वास ओढताना हवा येत नाही. खालच्या पडद्याखाली एखादा केस जरी राहिला तरी प्रत्येक श्वासाबरोबर घोटभर खारट पाणी तोंडात येतं. उपाय सोपा : गोड्या पाण्याच्या धारेखाली पडदा नखाने नव्हे, बोटाच्या पेराने किंचित उचलून धुवायचा. संच वाळूत आडवा टाकायचा नाही, एवढी सवय लावली तरी निम्मी कटकट जाते. माउथपीसच्या ज्या दोन जिभा दातात धरायच्या त्या चौथ्या महिन्यात चावून फाटल्या. जबडा दुखत असेल तर समजावं की आपण धरत नाही, चावतो आहोत.

संपूर्ण चेहरा झाकणारा मास्कही मधे काही आठवडे वापरून पाहिला. नजारा मोठा दिसतो, पण शिफारस नाही. आतली पोकळी मोठी असल्याने झडपा नीट बसल्या नाहीत तर सोडलेलीच हवा परत ओढली जाते, बहुतेक प्रकारांत कानांवरचा दाब सोडवायला नाक चिमटीत धरता येत नाही म्हणून बुडी मारता येत नाही, आणि घाई झाली तर तोंड मोकळं करायला वेळ लागतो.

फिन्स : कोमट पाण्यात टाच बंद असलेल्या, बुटासारख्या घालायच्या फिन्स पुरतात आणि रिसॉर्टमध्ये बहुधा त्याच मिळतात. घोट्याशी घासून फोड येतात, म्हणून फिन्सऐवजी निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे) पातळ मोजे बॅगेत टाकावेत. चालायचं ते उलट्या पावलांनी. स्वतःच्या असतील तर टाचेवर उभ्या ठेवू नयेत, पातं वाकतं.

पाण्यातून आल्यावर नळाखाली नुसता खळबळून काढलेला संच धुतलेला नसतो. गोड्या पाण्यात १० ते १५ मिनिटं बुडवून ठेवावा, बक्कल दोन-चार वेळा उघडझाप करून. वाळलेल्या मिठाचे खडे तिथेच बसतात. सहाव्या महिन्यात डावं बक्कल अडकलं ते याच कारणाने. वाळवायचं सावलीत. ओला मास्क डबीत बंद केला तर सिलिकॉनच्या कडेत काळे ठिपके येतात, आणि बुरशी आत शिरली की घासून जात नाही.

संच कितीही चांगला असला तरी भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय उतरण्यात अर्थ नाही. ओहोटीला प्रवाळाच्या सपाटीवर गुडघाभरच पाणी उरतं, पोट घासतं आणि त्या जखमा चिघळतात. भरती पूर्ण होण्याआधीचा तास सर्वांत बरा. पाणी पुरेसं असतं आणि ओढ किनाऱ्याकडे असते. ओहोटी लागली की सपाटीवरचं सगळं पाणी प्रवाळातल्या खिंडीतून बाहेर धावतं. त्या खिंडीच्या तोंडाशी, त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, पोहू नये. जाताना प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर. बुकिंग करताना विचारायचा प्रश्नही हाच : किनाऱ्यापासून प्रवाळाची कड किती मीटरवर आहे? नुसतं निळं, वाळूचं उथळ पाणी फोटोत छान दिसतं, मास्क लावून मात्र त्यात वाळूच दिसते. फोटो कोणत्या सालचा तेही विचारावं. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं, आणि २०२४ मध्ये पुन्हा जगभर तसं होत असल्याचं जाहीर झालं.

पाठ आणि गुडघ्यांच्या मागचा भाग पाण्यात असताना भाजतो आणि कळतही नाही. लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा) घातला की सनस्क्रीन निम्म्यावर येतं. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात १ जानेवारी २०२० पासून प्रवाळाला घातक ठरवलेले घटक असलेली सनस्क्रीन चालत नाहीत, आणि हवाईत १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनोक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं असलेली विकता येत नाहीत. ट्यूबवरची घटकांची यादी निघण्याआधीच वाचावी.

आणि टायटन ट्रिगरफिश. पिल्लांच्या हंगामात हा मासा वाळूतल्या घरट्यावर पहारा देतो. पाठीवरचा काटा उभारून तो आपल्याकडे वळला तर वर पळू नये, कारण त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाणाऱ्या शंकूसारखी असते. फिन्स त्याच्याकडे ठेवून आडवं दूर जायचं. त्याचे दात प्रवाळ फोडतात, चावला तर फिनचं पातं चावलेलं परवडतं.

विमानात मास्क कडक डबीत, हातातल्या सामानात. डबीच्या कोपऱ्यात एक जास्तीचा पट्टा, एक माउथपीस, ते आवळायला दोन प्लॅस्टिकचे टाय आणि शाम्पूची बाटली. आठ महिन्यांत यातलं प्रत्येक एकदा तरी लागलं.