स्पोकन ट्युटोरियल: मराठीतून संगणक शिकायचा तर

आयआयटी मुंबईचा हा उपक्रम मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणारे, सॉफ्टवेअर शिकवतो: लिबरऑफिस (लेखन, तक्ते अशी कार्यालयीन कामे), लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टीम), पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), सायलॅब (गणिती आकडेमोड). साधारण १० मिनिटांचे व्हिडिओ, अनेकांना मराठी निवेदन. सगळे फुकट आणि क्रिएटिव्ह कॉमन्स या वाटून वापरण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली, त्यामुळे डाउनलोड करून इंटरनेट नसलेल्या वर्गातही दाखवता येतात.

नुसते बघून मात्र काही हाती लागत नाही. पडद्याच्या डाव्या भागात व्हिडिओ, उजवीकडे प्रत्यक्ष सॉफ्टवेअर ठेवा. एक कृती बघा, थांबवा, स्वतः करा, मग पुढे. म्हणून मोबाइलवर हे धडे जवळपास वाया जातात. हेडफोन लागतोच, नाहीतर वर्गात नुसता कलकलाट. निवेदन मराठी असले तरी मेनू इंग्रजीच दिसतात. पुढे नोकरीत तेच दिसणार, तेव्हा तक्रार नाही.

खरी अडचण जुनेपणाची. लिबरऑफिसच्या काही धड्यांतली बटणे आज दुसरीकडे सापडतात. पायथनचे तर आवृत्ती बघूनच उघडा: जुन्या मालिकेतला कंसाविना लिहिलेला प्रिंट हा आदेश आजच्या पायथन ३ मध्ये थेट सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक, देतो. पायथन ३.४.३ ची मालिका घ्या. निवेदन एकसुरी आहे, पण गृहपाठ टाळू नका. अर्धे शिक्षण तिथेच होते.