बेसमेंटच्या ड्रायवॉलमागे काय निघालं

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे बेसमेंटची कामं ओळखीओळखीतून दिली जातात, आणि आम्हाला फसवणारा कॉन्ट्रॅक्टरही असाच घरोघरी फिरतोय.

करारात स्वच्छ लिहिलं होतं: फाउंडेशनच्या ब्लॉकच्या भिंतीला दोन इंची फोम बोर्ड, सांधे टेपने बंद, त्यापुढे लाकडी स्टड (भिंतीच्या सांगाड्याचे उभे दांडे), मग ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते). घरातली दमट हवा जमिनीखालच्या गार भिंतीला लागली की तिथे पाणी सुटतं, म्हणून हा फोम लागतो. गुलाबी शीट्स ड्राइव्हवेत उतरताना आम्ही पाहिल्या. परमिटचं, म्हणजे टाउनशिपच्या बांधकाम परवानगीचं, विचारलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "काढलंय, कागद ऑफिसात आहेत."

वसंतातल्या पावसात कुबट वास सुटला. स्विचबॉक्सचं कव्हर काढून पाहिलं तर आत गुलाबी फोम होता, त्यामुळे संशय यायला आणखी उशीर झाला. शेवटी बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) काढून भिंतीची वीतभर पट्टी कापली. ड्रायवॉल थेट काँक्रीटच्या जमिनीवर टेकवलेला, मागच्या कागदावर काळी बुरशी, स्क्रू गंजलेले. स्टड नाहीतच, लाकडाच्या पट्ट्या सरळ ओल्या ब्लॉकला ठोकलेल्या आणि ब्लॉकवर पांढरा क्षार फुललेला. फोमचे तुकडे फक्त स्विचबॉक्सच्या मागे! बघणारा कुठून डोकावेल हे ओळखून लावलेले. याला हलगर्जीपणा म्हणत नाहीत, ही ठरवून केलेली लबाडी आहे. बाहेरून मात्र टेप, सांधे भरायच्या कंपाउंडचे तीन हात, सगळं घासून गुळगुळीत.

टाउनशिपच्या कन्स्ट्रक्शन ऑफिसात कळलं की परमिट कधी काढलंच नव्हतं. काढलं असतं तर ड्रायवॉल चढण्याआधी इन्स्पेक्टरने फ्रेमिंग आणि इन्सुलेशन पाहिलं असतं, आणि नेमकं तेच त्याला टाळायचं होतं.

परमिटची खात्री टाउनशिपमध्ये जाऊन स्वतः करा. कॉन्ट्रॅक्टरची नोंदणी राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाकडे तपासा. इथे 500 डॉलरवरचं काम लेखी करारानेच व्हावं लागतं आणि कामकाजाच्या तीन दिवसांत तो करार रद्द करता येतो. इन्स्पेक्शनचे दाखले हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. तसा नियमच आहे. भिंत झाकण्याआधी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फोटो काढून ठेवा.

आम्ही तक्रार केली आहे, कापलेले तुकडे पुरावा म्हणून जपून ठेवलेत. तुमचं काम आधीच झालं असेल आणि वास येत असेल, तर स्विचबॉक्सवर विसंबू नका. दोन बॉक्सच्या मधोमध बेसबोर्ड काढा आणि तिथे छोटंसं भोक पाडून बघा. बेसबोर्ड परत लावला की ते दिसतही नाही.