एमिली हेन्रीच्या नव्या कादंबरीसोबत काही महिने

नवी प्रेमकादंबरी संपवल्याच्या रात्री तिच्याबद्दल काही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. शेवट गोड झालेला असतो, मन भरून आलेलं असतं, आणि त्या भरात सगळंच उत्तम वाटतं. एमिली हेन्रीची 'ग्रेट बिग ब्युटिफुल लाइफ' 22 एप्रिल 2025 ला आली आणि मी ती लगेच वाचली, पण लिहिलं काहीच नाही. मग काही महिने जाऊ दिले. मधल्या काळात तीच कादंबरी ऑडिओबुकच्या रूपात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली, काही प्रकरणं पुन्हा काढून वाचली, आणि शेजारी दुसऱ्या लेखिकांची पुस्तकंही चालू होती. आता तिच्यातलं काय टिकलं आणि काय विरलं ते नीट दिसतंय.

कथा थोडक्यात अशी. अॅलिस स्कॉट मासिकात लिहिते, अजून तिच्या नावावर एकही पुस्तक नाही, आणि स्वभावाने ती कमालीची आशावादी आहे. हेडन अँडरसन हा पुलित्झर पुरस्कार मिळालेला चरित्रकार, कपाळावर कायम आठी. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या लिटल क्रेसेंट नावाच्या बेटावर मार्गारेट आइव्ह्ज जगापासून लपून राहते. एके काळी वर्तमानपत्रांनी हिचा श्वास घेणं मुश्कील केलं होतं. ती दोघांनाही बोलावून घेते, एक महिन्याची मुदत देते, आणि मुदत संपली की तिचं चरित्र कोण लिहिणार ते ती ठरवणार.

अॅलिस आणि हेडन एकत्र येणार हे पहिल्याच भेटीत कळतं, आणि त्यात बिघडत काही नाही. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकांच्या संघटनेने प्रेमकादंबरीची व्याख्याच मुळी दोन अटींत केली आहे: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. म्हणजे 'पुढे काय होणार' हा प्रश्न वाचण्याआधीच सुटलेला असतो. मग तीनचारशे पानं आपण वाचतो कशासाठी? ही दोन माणसं अजून एकत्र का येत नाहीत, एवढंच कळून घेण्यासाठी. प्रेमकादंबरीचा सगळा कस त्या अडथळ्यावर लागतो. तो खरा असेल तर पुस्तक महिनोन्महिने मनात राहतं.

इथला अडथळा म्हणजे गोपनीयतेचा करार. मार्गारेट दोघांनाही आपल्या आयुष्याचे तुकडे तेवढे सांगते, आणि करारामुळे ते तुकडे दोघांना जुळवून पाहता येत नाहीत. कल्पना म्हणून मला हे अतिशय आवडलं. दुसऱ्याला बोलतं करणं हीच ज्यांची रोजीरोटी, त्यांनी एकाच बाईचं ऐकून यायचं आणि समोरासमोर बसल्यावर तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही! पहिल्या वाचनात या ताणाने पानं भराभर उलटली. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र हा अडथळा करारपत्रातून बाहेर पडून त्यांच्या स्वभावात उतरत नाही, हे जाणवत राहिलं. हेडनची आठी फार लवकर उलगडते. अॅलिसला त्याच्याकडे जाण्यापासून आतून रोखणारं जवळजवळ काहीच नाही. हेन्रीने हेच काम आधी याहून चांगलं केलेलं आहे. 2020 च्या 'बीच रीड'मध्येही दोन लेखकच समोरासमोर होते, पण तिथे नायिकेचा प्रेमावरचा विश्वासच उडालेला होता. 2023 च्या 'हॅपी प्लेस'मधल्या जोडप्याने साखरपुडा मोडलेला असतो आणि मित्रमंडळींसमोर मात्र तो शाबूत असल्याचं नाटक करावं लागतं. त्या ताणाला कागदाची गरज लागत नाही.

तरीही हे पुस्तक माझ्याजवळ राहिलं, ते मार्गारेटमुळे. तिच्या कहाणीत आधी लोकांनी काय पसरवलं ते येतं आणि मग तिचं स्वतःचं म्हणणं येतं. तिचं घराणं वृत्तपत्रांच्या जोरावर मोठं झालेलं. दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी छापून जे साम्राज्य उभं राहिलं, त्याच घरातली मुलगी पुढे स्वतः मथळ्यांची शिकार होते. रॉक अँड रोल गायक कॉस्मो सिंक्लेअरवर ती प्रेम करते, त्याच्याशी लग्न करते, आणि या दोघांना चार भिंतींतला साधा दिवसही कोणी लाभू देत नाही. इथे अडथळा म्हणजे दाराशी उभं असलेलं अख्खं जग आहे, आणि त्यात मार्गारेटच्या घराण्याचाही हात आहे. माझ्या मते या पुस्तकातली खरी प्रेमकथा हीच. मुखपृष्ठावरचा मजकूर अॅलिस आणि हेडनकडे बोट दाखवतो. केवळ त्या दोघांसाठी पुस्तक उघडणाऱ्याला मधली लांबच लांब प्रकरणं जड जातील. शेवटाकडे एक उलगडा आहे, तो इथे सांगत नाही. पण तो माहीत झाल्यावर दुसऱ्या फेरीत आधीच्या कितीतरी साध्या वाक्यांना वेगळाच अर्थ येतो. ही कारागिरी पक्की आहे.

शेजारी वाचलेल्या पुस्तकांमध्ये सगळ्यात वर केनेडी रायनची 'बिफोर आय लेट गो' (2022). रायन ही 2019 साली प्रेमकादंबऱ्यांसाठीचा रीटा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिकांपैकी एक. यास्मेन आणि जोसाया यांचा घटस्फोट झालेला आहे, पण अटलांटामधलं रेस्टॉरंट आणि मुलं अजून दोघांची आहेत. पोटातलं बाळ गेलं, आईसारखी असलेली मावशी गेली, आणि त्या दुःखात ती अंथरुणाला खिळली तर त्याने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. प्रेम आटलेलं नव्हतंच. दोघांची शोक करायची रीत वेगळी होती आणि त्या फटीतून संसार निसटला. समुपदेशकासमोर बसलेला जोसाया आधी गप्प असतो, मग हळूहळू बोलू लागतो. ती प्रकरणं मी थांबून थांबून वाचली. अडथळा माणसाच्या आत असला की पुस्तक कुठे पोहोचतं, ते इथे पाहावं.

टेलर जेन्किन्स रीडची 'अॅटमॉस्फिअर' (जून 2025) वेगळ्या वाटेने तिथेच येते. 1980 च्या दशकातला नासाचा स्पेस शटल कार्यक्रम, जोन गुडविन नावाची खगोलशास्त्रज्ञ, आणि तिच्यासोबत अंतराळवीर होण्याचं शिक्षण घेणारी व्हनेसा फोर्ड. सुरुवातीलाच व्हनेसा संकटात सापडलेल्या यानात आहे आणि जमिनीवरून तिच्याशी बोलणारा आवाज जोनचा आहे. त्यांचं नातं उघड झालं तर दोघींचं काम जाणार. ही भीती लेखिकेने हवेतून आणलेली नाही. 1983 मध्ये अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड हिचं एका स्त्रीबरोबरचं 27 वर्षांचं सहजीवन जगाला कळलं ते 2012 मध्ये, तिच्या निधनानंतर. हे ठाऊक असलं की कादंबरीतला प्रत्येक चोरटा स्पर्श जड वाटतो.

ऑडिओबद्दल दोन शब्द. हेन्रीची कादंबरी ज्युलिया व्हेलनने वाचली आहे आणि तिने सोनं केलंय. मार्गारेट बोलते तेव्हा आवाजात वय येतं, पण केविलवाणेपणा येत नाही. डोळ्यांनी वाचताना मला लांबलेली वाटलेली आइव्ह्ज घराण्याची पूर्वपीठिका कानांनी सहज सरली. वेग वाढवून मात्र ऐकू नका, व्हेलनच्या विरामांमध्येच बरंच काही आहे. 'थँक यू फॉर लिसनिंग' (2022) ही तिची स्वतःची कादंबरीही जरूर वाचा किंवा ऐका. नायिका ऑडिओबुकं वाचणारी आहे, आणि ती ज्याच्या प्रेमात पडते त्याला आधी फक्त आवाजाने ओळखते.

हेन्रीचं काहीच वाचलं नसेल तर या पुस्तकापासून सुरुवात करू नका. आधी 'बुक लव्हर्स' घ्या: संवाद खटकेबाज आहेत, आणि नायिकेला रोखणारी गोष्ट तिच्या बहिणीवरच्या जीवापाड मायेतच आहे. हेन्री आधीपासून आवडत असेल तर 'ग्रेट बिग ब्युटिफुल लाइफ' घ्याच, पण मार्गारेटसाठी घ्या आणि जमल्यास ऐका. मी आता केनेडी रायनची 'बिफोर आय लेट गो'च्याच मालिकेतली 'कान्ट गेट इनफ' हातात घेतली आहे. तिची नायिका आईच्या स्मृतिभ्रंशाशी झुंजतेय, आणि सुरुवातीची प्रकरणं तरी फार जोरकस आहेत.