आठ महिने ओसाड गावं बघितल्यावर

परवा लाईट गेली तेव्हा कार्यक्रम सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती. आईने अंधारात विचारलं, "कुठलं गाव होतं रे ते?" मला सांगता येईना. अकरा मिनिटांत त्यांनी नावच घेतलं नव्हतं!

डॉक्युमेंटरीचा पॅक घेऊन आठ महिने झाले. चित्र झकास, ड्रोन झकास. माझं डोकं फिरतं ते जागेचं नाव दडवून ठेवायच्या खोडीने. "समुद्राच्या मधोमध... एक शहर... अचानक ओसाड..." ढम्म! ब्रेक. ब्रेकनंतर पुन्हा समुद्राच्या मधोमध. एकच वाक्य तीनदा ऐकायचे पैसे भरतोय का मी? हिंदी डबिंगचा आवाज तर भुताच्या सिनेमातून उसना आणलेला.

दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा लागला. नागासाकीजवळचं हाशिमा निघालं. जेमतेम ६.३ हेक्टरचं बेट, १९५९ साली त्यावर ५,२५९ माणसं. समुद्राखालचा कोळसा मित्सुबिशी काढायची. जपान तेलाकडे वळला, जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली, २० एप्रिलला शेवटची माणसं गेली. तीन महिने लोक सामान बांधत होते, यात 'अचानक' काय? उलट युद्धकाळात सक्तीने राबवलेले कोरियन आणि चिनी मजूर एका वाक्यात उरकले, की लगेच ड्रोन वर!

पॅक बंदच करणार होतो. पण शेवटी तिथे लहानपण गेलेले एक आजोबा आपल्या जुन्या खोलीत जाऊन उभे राहिले. संगीत थांबलं, निवेदक चक्क गप्प. गच्चीवर माती चढवून भाजी कशी लावायचे ते आजोबा सांगत होते. आई चाळीत वाढलेली, ती पुढे सरकून टीव्हीलाच म्हणाली, "अहो, पण पाणी?" आणि उत्तर आलंही: आधी बोटीने यायचं, १९५७ मध्ये समुद्राखालून पाइप टाकला. त्या पाच मिनिटांसाठी माझे दोन स्टार वाढले.

रिचार्ज केलंय, पण तीन महिन्यांचंच. आता भाग रेकॉर्ड करतो, पहिली दहा मिनिटं पळवतो, ऑडिओ इंग्रजी ठेवतो. आईला इंग्रजी कळत नाही, म्हणून निवेदन माझ्याकडे. गावाचं नाव मी आधीच सांगून टाकतो.