इंजिन सपोर्ट बार: घरच्या पोर्चमध्ये वर्षभर वापरल्यावर

बोनेट उघडून आडवा टाकायचा, हुकाला इंजिन टांगायचं आणि खालची जागा मोकळी करून घ्यायची, एवढंच या बारचं काम. ते तो चोख करतो. चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, जॅक देण्यापेक्षा कितीतरी बरा. चेंबरचा पत्रा पातळ, आणि ऑइल ओढणारी जाळी त्याच्या तळालगतच असते. पत्रा आत दबला की जाळीची वाट अडते आणि ऑइलचं प्रेशर पडतं. शिवाय चेंबरच उतरवायचा असेल तर जॅक लावणार कुठे?

बारचे पाय मडगार्डच्या बोल्टांची रांग असते त्या पट्टीवरच बसवा. बाहेरच्या कडेवर गेले की पोचा ठरलेला. पायांखालचं सोबत येणारं रबर इंदूरच्या उन्हाळ्यात टणक होऊन घसरू लागतं. ट्रकच्या ट्यूबचे तुकडे जास्त टिकतात. हुकाची साखळी इंजिनच्या मूळ कड्यांनाच अडकवा. कडी नसेल तर हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मोकळ्या आट्यात ८.८ ग्रेडचा बोल्ट आणि जाड वॉशर. १० मिमीचा बोल्ट किमान १५ ते २० मिमी आत गेलाच पाहिजे. इंदूरच्या सियागंज बाजारात सुटा बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा वाचून घ्या. इंजिनात हवा नेणाऱ्या प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला काहीही टांगू नका.

इंजिन उचलताना हुकांवरचे दोन्ही नट आळीपाळीने फिरवा, अर्धा-अर्धा फेरा. ५ ते १० मिमी उचललं की पुरतं. माउंटिंगचा (इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या जोडाचा) बोल्ट हाताने फिरू लागला की उंची जमली. अडत असेल तर पान्याला जोर देऊ नका, इंजिन किंचित वर-खाली करा. हाव केली तर होज आणि सायलेन्सरचा लवचीक जोड ताणतात.

तक्रार एकच, पण मोठी: हुकाचे आटे कोरडे येतात आणि ओझ्याखाली घासून खराब होतात. आधी ग्रीस.

बार इंजिन धरतो, गाडी नव्हे. गाडी घोड्यांवरच (जॅक स्टँडवरच) हवी, मागच्या चाकांना दोन्हीकडून गुटके लावून, कारण पुढून उचललेल्या गाडीला नुसत्या हँडब्रेकचा भरवसा नाही. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे पोर्चमधले पेव्हर (फरशीचे ठोकळे) सपाट राहत नाहीत. घोड्यांखाली १८ मिमी प्लाय घाला. ट्रॉली जॅकखालीही, उचलताना तो पुढे सरकावा लागतो, चाकं सांध्यात अडकली तर गाडीच ओढली जाते.

क्लच, गीअरबॉक्स, माउंटिंग घरी करणाऱ्यांनीच घ्यावा. फक्त ऑइल बदलायचं असेल तर तेच पैसे चांगल्या घोड्यांत घाला.