नौपाड्यात व्हीएचएस कॅसेट कन्व्हर्ट करून घेतली: ५ पैकी ४

माळा आवरताना १९९३ च्या गणपतीत सोसायटीतल्या मुलांनी केलेल्या नाटुकल्याची कॅसेट सापडली. मी त्यात उंदीर होते. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत एक काका अजून कॅसेटी कन्व्हर्ट करून देतात, त्यांच्याकडे नेली. झाकण उचलून त्यांनी टेप उजेडात धरली. "ताई, बुरशी लागलीय. अशीच लावली तर माझं हेड जाईल." (हेड म्हणजे व्हीसीआरमधला, कॅसेट चालवणाऱ्या मशीनमधला, टेप वाचणारा भाग.) ठाण्याचे तीस पावसाळे, दुसरं काय होणार! सफाईचे २००, कन्व्हर्ट करायचे ३५०. आठवडा लागला.

चित्र वाटलं होतं त्याहून स्वच्छ आलं. मागे कुणाचं तरी बाळ रडतंय, तेही ऐकू येतं. पण पेन ड्राइव्हवर आम्ही सगळे बुटके आणि रुंद! जुन्या टीव्हीचं चौकोनी चित्र आजच्या पडद्याभर ताणलेलं. हात हलले की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. भांडायला गेले तेव्हा कळलं, की ही मोबाइलसाठी बारीक केलेली प्रत. मूळ डीव्ही फाइल, म्हणजे कॅसेटवरून उतरवलेली, इतकी बारीक न केलेली मोठी फाइल, काकांच्या कॉम्प्युटरवर असते आणि आठ दिवसांनी ते ती उडवतात. मी सातव्या दिवशी पोचले होते. ४२ मिनिटांचे ९ जीबी त्यांनी माझ्या हार्ड डिस्कवर टाकून दिले, वर पैसे घेतले नाहीत. पण हे आधी सांगायला नको? एक तारा तिथेच गेला.

मूळ फाइलसाठी अडून बसले, कारण एकदा हात पोळलेत. २००८ मध्ये दादाने हीच कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली होती. यूट्यूबवर तेव्हा दहा मिनिटांची मर्यादा, म्हणून त्याने दुसरं संकेतस्थळ गाठलं आणि घरची प्रत पुसून टाकली. ते संकेतस्थळ पुढे बंद पडलं. व्हिडिओ उतरवून घ्या, असा मेल आला तो दादाच्या सोडलेल्या नोकरीच्या पत्त्यावर. अहो, खुद्द गूगल व्हिडिओ २०१२ मध्ये मिटलं, तिथे बाकीच्यांचं काय!

या खेपेला नाटुकलं लिहिणाऱ्या बाईंना विचारून ते इंटरनेट आर्काइव्हवर चढवलं. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेली ही ना-नफा संस्था. तिथे पाहण्यासाठी हलकी प्रत तयार होते आणि मूळ फाइलही शेजारी तशीच राहते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ल्याने तेही काही दिवस बंद होतं, म्हणून एक डिस्क माझ्याकडे, एक पुण्याला दादाकडे.

काकांकडे चालू व्हीसीआर दोनच. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली, त्यामुळे हेड बिघडलं की जुन्या मशीनमधून काढून बसवावं लागतं. जाण्याआधी फोन करा. आणि घरी बंद पडलेला व्हीसीआर असेल तर भंगारात घालू नका, काका विकत घेतात.